शौचालयाची ऐपत : परभणी जिल्ह्यातील घरगुती स्वच्छतेचे अर्थकारण

घरगुती स्वच्छता या संज्ञेत मैल्याची विल्हेवाट, सांडपाण्याचा निचरा, पिण्याच्या पाण्याची साठवण, केरकचरा आणि हात धुण्याची सोय एवढ्या गोष्टी येत असल्या, तरी सरकारी तक्त्यांत आणि लोकांच्या बोलण्यात तिचा अर्थ बहुधा घरात संडास आहे की नाही एवढ्यापुरताच उरतो. त्या संकुचित अर्थानेही महाराष्ट्राची स्थिती फार काळ भूषणावह नव्हती. २००१च्या जनगणनेत राज्याच्या ग्रामीण भागातील जेमतेम १८ टक्के घरांत शौचालय आढळले आणि २०११मध्ये हे प्रमाण ३८ टक्क्यांवर गेले. याच २०११च्या जनगणनेत देशातील ६३ टक्के घरांत दूरध्वनी किंवा मोबाइल, तर ४७ टक्के घरांतच शौचालय असल्याचे नोंदले गेले, तेव्हा ‘हातात मोबाइल आहे, पण घरात संडास नाही’ असा शेरा सर्रास मारला जाऊ लागला. लोकांकडे पैसा आहे, फक्त अक्कल नाही, असा त्या शेऱ्याचा रोख होता. मोबाइलला जागा लागत नाही, पाणी लागत नाही, खड्डा लागत नाही आणि तो भरल्यावर कोणी उपसायचा हा प्रश्नही येत नाही, ही साधी गोष्ट मात्र शेरा मारणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही.

परभणी हा या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी योग्य जिल्हा आहे, कारण तेथे समृद्धीची आणि विपन्नतेची चिन्हे शेजारी शेजारी नांदतात. निजामी राजवटीचा भाग असलेला हा प्रदेश १९५६मध्ये मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला, १९७२मध्ये येथे कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यावर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके उरले. २०११मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती आणि तीतील दोन तृतीयांशाहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. राज्याची साक्षरता ८२ टक्के असताना जिल्ह्याची ७३ टक्के होती. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा जिल्ह्यात येतो, गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या येथून वाहतात, जमीन काळी, भारी आणि कापसाला मानवणारी आहे. तरीही कालव्याच्या टोकाच्या किंवा बालाघाट डोंगररांगेच्या बाजूच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती मोजण्यासाठी वैद्यकीय आणि समाजशास्त्रीय सर्वेक्षणांत ठरावीक मापनपट्ट्या वापरल्या जातात. बी. जी. प्रसाद यांनी १९६१मध्ये मांडलेली श्रेणी केवळ दरडोई मासिक उत्पन्नावर उभी असून महागाई निर्देशांकानुसार तिचे आकडे वेळोवेळी बदलावे लागतात. कुप्पुस्वामी यांची १९७६ची श्रेणी शहरी कुटुंबांसाठी आहे आणि ती कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबाचे उत्पन्न यांना गुण देते. उदय पारीक यांची १९६४ची ग्रामीण श्रेणी जमीन, घर, शेतीची साधने, घरातील वस्तू, शिक्षण, व्यवसाय, सामाजिक सहभाग, कुटुंब आणि जात अशा नऊ अंगांनी विचार करते. जातीला तिने गुण द्यावेत, तेही उच्च मानल्या गेलेल्या जातीला अधिक, हे आजच्या वाचकाला खटकेल; पण गावातील माणसाची पत पगाराच्या आकड्याने ठरत नाही, हे तिने ओळखले होते. शौचालयाच्या बाबतीत ही ओळख फार उपयोगी पडते, कारण परभणीतील कुटुंब शौचालय बांधू आणि वापरू शकते की नाही, हे उत्पन्नापेक्षा जागा, पाणी, वेळेवर हाती येणारी रोख रक्कम आणि भरलेल्या खड्ड्याबद्दलची जातिनिष्ठ भीती यांवरून अधिक ठरते.

यांपैकी पहिली अडचण जागेची. मराठवाड्यातील जुने गावठाण पांढरीवर, म्हणजे वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर वसलेले असते; घरे भिंतीला भिंत लावून, माळवदाला माळवद जोडून उभी असतात आणि बोळ बैलगाडी जेमतेम जाईल एवढे अरुंद असतात. अशा घरात भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एका वाड्याचे तीन-चार तुकडे होतात, आणि शौचालय तर दूरच, न्हाणीलाही धड जागा उरत नाही. गावठाणाबाहेरच्या दलित, भटक्या किंवा भूमिहीन वस्त्यांत जागा दिसते, पण ती अनेकदा गायरानाची किंवा सरकारी असते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर, नाव नसेल तर त्या जागेवर पक्के बांधकाम करायला माणूस कचरतो आणि लाभार्थी यादीत नाव लागण्यातही अडथळा येतो. येथे पैसा असूनही शौचालय होत नाही आणि पैसा नसतानाही ते होत नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात मात्र दोन्ही कुटुंबे एकाच रकान्यात पडतात.

जागेचा दुसरा पैलू गावाबाहेर, शिवारात दिसतो. ‘परसाकडे जाणे’ हा ज्यांचा पर्याय, त्यांच्यासाठी पीकपाणी हाच आडोसा असतो. तूर आणि रब्बीची ज्वारी उभी असेपर्यंत तो आडोसा मिळतो, पुढे उसाचे फड आणि बाभळीची झुडपे उरतात, आणि फाल्गुन-चैत्रात रान मोकळे झाले की स्त्रियांना पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराखेरीज सोय राहत नाही. जमीनदार कुटुंबातील स्त्री निदान स्वतःच्या बांधाआड जाऊ शकते. शेतमजुराच्या घरातील स्त्रीला दुसऱ्याच्या शेतात जाऊन बोलणी खावी लागतात किंवा रस्त्याच्या कडेची गोदरी गाठावी लागते, आणि तेथे गाडीचा दिवा अंगावर पडला की उठून उभे राहावे लागते. दिवसभर लघवी दाबून ठेवणे, पाणी कमी पिणे, संध्याकाळी कमी खाणे या सवयी अशा जगण्यातून लागतात. त्यामुळे शौचालयाची गरज घरातील स्त्रियांना सर्वांत आधी कळलेली असते. पण पैसा कापसाच्या बियाण्यावर घालायचा, मुलीच्या लग्नासाठी राखायचा की संडासावर खर्चायचा, हा निर्णय बहुधा त्यांच्या हातात नसतो. ज्या घरात स्त्री शिकलेली आहे किंवा बचत गटातून तिच्या हाती थोडी रक्कम येते, त्या घरात हा प्रश्न लवकर सुटतो, आणि स्त्रीशिक्षणाचा स्वच्छतेशी जो संबंध सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा आढळतो, त्याचे निम्मे कारण आरोग्यज्ञानापेक्षा घरातील तिच्या शब्दाला आलेले वजन हे असावे.

पाण्याचा हिशेब मांडला तर हाच प्रश्न आणखी स्पष्ट होतो. ग्रामीण शौचालयासाठी खास तीव्र उताराचे भांडे तयार केलेले आहे. त्याचा उतार सुमारे २५ ते २८ अंशांचा असल्याने दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. सहा माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून एकदा ते वापरले आणि भांडे आधी ओले करणे, धुणे व हातपाय धुणे यांसाठी आणखी दोन लिटर धरले, तर चोवीस लिटर, म्हणजे जवळजवळ दोन हंडे पाणी रोज लागते. उघड्यावर जाताना हीच सहा माणसे टमरेलातून माणशी लिटरभर पाणी नेतात. जादा लागणारा दीड हंडा उन्हाळ्यात हापशावरून किंवा टँकरवरून आणायचा कोणी, याचे उत्तर प्रत्येक घरात ठरलेले असते, आणि म्हणूनच घरी नळ नसताना सुनेने शौचालयाचा फारसा आग्रह न धरणे हा अडाणीपणा नसून श्रमाचा चोख हिशेब असतो. त्यात ठेकेदाराने स्वस्त पडते म्हणून शहरी बनावटीचे सपाट भांडे बसवले असेल, तर पाणी दुप्पट-तिप्पट लागते आणि टंचाईच्या महिन्यांत ते शौचालय सरपण आणि गोवऱ्या ठेवण्याच्या कामी येते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते ज्या गावात खरोखर पुरे होईल, तेथे हा हिशेब पार बदलेल.

सर्वांत अवघड, आणि तरीही सर्वांत कमी बोलला जाणारा, मुद्दा खड्ड्याचा आहे. सरकारी शिफारस दोन खड्ड्यांच्या शौचालयाची आहे : भांड्यातून येणारी नळी एका चेंबरमध्ये दुभागते, एका वेळी एकच खड्डा वापरला जातो, तो साधारण तीन वर्षांनी भरला की प्रवाह दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा, आणि बंद खड्ड्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात वास नसलेल्या कोरड्या खतात रूपांतर झाले की ते शेतात टाकायचे. ही रचना स्वस्त आणि शास्त्रशुद्ध आहे, पण तिचे सारे यश खड्ड्याच्या भिंतीतून पाणी जमिनीत मुरण्यावर अवलंबून आहे. परभणीची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात पाणी अत्यंत संथ मुरते. त्यामुळे अशा जमिनीत खड्डा मोठा घ्यावा आणि त्याच्या अस्तराभोवती सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यावा, असे भारतीय मानकच सांगते. प्रत्यक्षात वाळू महाग असते, गवंड्याला हे ठाऊक नसते आणि अंदाजपत्रकात त्याला तरतूद नसते. मग पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरतो, भांड्यातून पाणी मागे येते आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात, जिथे भूजलपातळी आधीच वर आलेली असते, तिथे तर हा अनुभव नेमाने येतो. ‘संडास भरतो’ ही गावकऱ्यांची तक्रार अधिकाऱ्यांना पुष्कळदा सबब वाटते. ती मातीविषयीची अचूक नोंद असते.

तथापि सगळा दोष मातीवर टाकता येत नाही. भरलेल्या खड्ड्याला हात लावणे हे आपल्या समाजात विशिष्ट जातींचे काम मानले गेले, आणि त्या कामाचा कलंक इतका खोल आहे की कोरडे झालेले खतही स्वतः काढायला सवर्ण कुटुंब तयार होत नाही आणि ज्या जातींवर ते काम पूर्वी लादले गेले, त्या जातींतील माणसे आता ते नाकारतात, जे त्यांनी नाकारणे सर्वथा योग्यच आहे. २०१४मध्ये बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि हरियाणा या राज्यांत झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात असे आढळले की घरात वापरण्याजोगे शौचालय असलेल्या ४० टक्के कुटुंबांतील किमान एक माणूस तरीही उघड्यावर जात होता. डायन कॉफी आणि डीन स्पीअर्स या संशोधकांनी त्याचा संबंध अस्पृश्यतेशी आणि खड्डा भरण्याच्या धास्तीशी जोडला : सरकारी शौचालयाचा खड्डा सुमारे ५० घनफुटांचा असतो, तर लोक स्वतःच्या पैशाने बांधतात तेव्हा तो सरासरी २५० घनफुटांचा घेतात, म्हणजे आयुष्यात तो उपसण्याची वेळच येऊ नये. हे सर्वेक्षण उत्तरेचे असले, तरी मराठवाड्यात ऐपतदार शेतकरी घरासमोर खोलीएवढा सेप्टिक टँक खोदतो तेव्हा त्यामागचा विचार वेगळा नसतो. याचा आर्थिक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. विटाळाच्या कल्पनेमुळे खड्डा पाचपट मोठा होतो, खड्डा मोठा झाला की खर्च वाढतो, ‘खरे’ शौचालय म्हणजे एवढ्या खर्चाचे शौचालय अशी गावात समजूत रुजते, आणि मग गरीब माणूस म्हणतो की आपली ऐपत नाही. त्याची गरिबी खरी असते. पण ज्या किमतीपुढे तो गरीब ठरतो, ती किंमत जातिव्यवस्थेने चढवलेली असते.

सरकारी योजनांनी या किमतीचा एक भाग उचलला. १९८६चा केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम, १९९९चे संपूर्ण स्वच्छता अभियान, २०१२चे निर्मल भारत अभियान आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेले स्वच्छ भारत अभियान अशी ही मालिका असून शेवटच्या अभियानात पात्र कुटुंबाला १२,००० रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान मिळते. हे अनुदान सामान्यतः बांधकाम पूर्ण झाल्यावर आणि त्याचे छायाचित्र संगणकावर चढल्यावर खात्यात जमा होते, म्हणजे विटा, सिमेंट, पत्रे आणि गवंड्याची मजुरी यांसाठी आधी पदरचे पैसे घालावे लागतात. कोरडवाहू शेतकऱ्याकडे कापूस-सोयाबीन विकल्यानंतरचे काही आठवडे सोडले तर रोकड नसते आणि त्या पैशांवर दुकानदाराचा, बँकेचा आणि सावकाराचा हक्क आधीच लागलेला असतो. परिणामी ज्याला अनुदानाची गरज कमी, तो ते लवकर मिळवतो, आणि ज्याला ती जास्त, तो एक तर उधारीवर अर्धवट चौकट उभी करतो किंवा ठेकेदाराच्या स्वाधीन होतो. शिवाय लाभार्थी २०१२च्या पायाभूत सर्वेक्षणाच्या यादीवरून ठरले. त्यानंतर विभक्त झालेल्या कुटुंबांना पुढच्या पुरवणी याद्यांची वाट पाहावी लागली.

गंगाखेड, पालम आणि सोनपेठ या तालुक्यांच्या डोंगराळ भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची गोष्ट या साऱ्या चौकटीत बसत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, साखर कारखान्याच्या परिसरात जातो आणि पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोपीत राहतो, जिथे ना शौचालय असते ना न्हाणी. गावातले शौचालय या काळात कुलूपबंद असते. सरकारी नोंदीत ते कुटुंब शौचालयधारक असते आणि वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ उघड्यावर जात असते. स्वच्छतेची मोजणी घराला धरून होते, आणि या माणसांचे घर वर्षातून निम्मा वेळच घर असते.

महाराष्ट्राला स्वच्छतेच्या लोकचळवळीची परंपरा आहे. गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना सुरू झाले आणि त्याने अनुदानापेक्षा गावागावांतल्या चुरशीवर भर दिला. बांगलादेशात कमल कर यांनी विकसित केलेली, गावानेच आपल्या घाणीचा नकाशा काढून निर्णय घेण्याची पद्धत भारतात प्रथम आजमावली गेली ती अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि परभणीला लागून असलेल्या नांदेड या जिल्ह्यांत. या प्रयत्नांतून अनेक गावे खरोखर बदलली. तथापि त्यांचा भर लाजेवर होता, आणि लाज हे हत्यार बोथट नसले तरी पक्षपाती असते. पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणाऱ्या ‘गुड मॉर्निंग पथका’च्या हाती टमरेल घेतलेली जी माणसे सापडत, ती बहुधा गावठाणात जागा नसलेली, मजुरी करणारी आणि वयाने थकलेली असत, शौचालय असूनही मोकळ्या हवेत फिरायला म्हणून स्वतःच्या शेतात जाणारा बागायतदार पथकाच्या वाटेत क्वचितच येई. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणाऱ्यास घरी शौचालय असण्याची आणि त्याचा वापर करण्याची कायदेशीर अटही याच धर्तीची आहे : उद्देश चांगला, पण जागेअभावी शौचालय नसलेल्या माणसाला ती गावकारभारातूनही बाहेर ठेवते.

१८ एप्रिल २०१८ रोजी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी देशाबाबतही तशीच घोषणा झाली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातील सुमारे १९ टक्के कुटुंबे कोणतेच शौचालय वापरत नसल्याचे आढळले. घोषणा बांधकामावर आधारलेली होती आणि सर्वेक्षणाचा आकडा वर्तनावर, म्हणून त्यांत फरक असणे स्वाभाविक आहे. पण रोगजंतूंना बांधकामाचे प्रमाणपत्र वाचता येत नाही. आरोग्याच्या दृष्टीने शौचालयाचा लाभ एकट्या कुटुंबाला मिळत नाही, तो शेजारपाजारच्या वापरावर अवलंबून असतो. अर्थशास्त्रज्ञ यास बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे एकाच्या कृतीचे दुसऱ्याला भोगावे लागणारे किंवा मिळणारे फळ. अहमदनगर जिल्ह्यातील साठ गावांत जेफ्री हॅमर आणि स्पीअर्स यांनी केलेल्या अभ्यासात शौचालयांचे प्रमाण थोडेसेच वाढूनही मुलांची उंची वाढल्याचे दिसले. उलट ओडिशातील शंभर गावांच्या चाचणीत शौचालये पुष्कळ वाढली, वापर त्या मानाने वाढला नाही आणि मुलांच्या आरोग्यात फरक आढळला नाही. शौचालयाने मूल आपोआप सुदृढ होते असा प्रचार करणाऱ्यांनी हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावेत.

शहरांत आर्थिक स्थितीचा आणि स्वच्छतेचा संबंध वेगळ्या रीतीने उघडा पडतो. मराठवाड्यातील छोट्या-मोठ्या शहरांत सुस्थित वसाहतींच्या घराघरांत शौचालय असते, पण मैला सेप्टिक टँकमध्ये जातो आणि टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात न मुरवता सरळ नालीत सोडले जाते. नाली उताराने वाहते, आणि उताराच्या तळाशी, नाल्याच्या काठी, स्वस्त जागा शोधत आलेल्या मजुरांची वस्ती असते. सर्वेक्षणात वरची वसाहत स्वच्छ आणि खालची अस्वच्छ ठरते, जरी खालच्या वस्तीतील घाणीचा मोठा वाटा वरून आलेला असला तरी. खेड्यांतही नळ आल्यावर सांडपाणी वाढते आणि गल्लीतून वाहते; नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्याच संपवल्या. ‘मॅजिक पिट’ म्हणून गाजलेला हा उपाय स्वस्त आहे, पण त्यालाही घरापुढे चार फूट जागा लागते.

२०१५ ते २०१८ या घाईच्या काळात बांधलेल्या शौचालयांचे खड्डे आता भरत आले आहेत किंवा भरले आहेत. अनेक ठिकाणी दुसरा खड्डा खोदलाच गेला नाही, किंवा चेंबर नसल्याने दोन्ही खड्डे एकदमच भरले. २०१३च्या कायद्याने माणसाकरवी मैला साफ करून घेणे आणि सुरक्षासाधनांशिवाय गटारे व टाक्या साफ करायला लावणे हे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत, त्यामुळे ट्रॅक्टरवरील उपसा टँकर हाच मार्ग उरतो. तो गावठाणाच्या बोळात शिरत नाही, त्याचे भाडे मजुराच्या अनेक दिवसांच्या रोजाइतके होते, आणि उपसलेला मैला ओतायचा कोठे याची सोय ग्रामीण भागात विरळाच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ३० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी बांधून दिली असून तीतून चार-पाच गावांना मिळून एक उपसा यंत्र घेणे, मैला सुकवण्याच्या खाचरांना जागा देणे आणि दारिद्र्यरेषेखालील घरांचा उपसा विनामूल्य ठेवणे या गोष्टी ग्रामसभेला आराखड्यात घालता येतात. बहुतेक आराखड्यांत त्याऐवजी नाली बांधकाम आणि कचराकुंड्या आढळतात.